"गुडबाय" म्हटलं तर चुकलं कुठे?

प्रश्न वाळपईच्या एका मुलीचा आहे. चार महिन्यांपूर्वी ती कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागली. एक वयस्क इंग्रज जोडपं पंधरा दिवस राहून निघालं. हिनं बिल दिलं, चावी घेतली आणि हसून म्हटलं, "गुडबाय सर, गुडबाय मॅडम." टॅक्सी गेटाबाहेर पडल्यावर सीनियरनं सुनावलं, "गेस्टला गुडबाय म्हणायचं नसतं." का, ते काही सांगितलं नाही. तिचं म्हणणं असं: शाळेत आम्हाला हेच शिकवलं, गुडबाय म्हणजे "देव तुमचं भलं करो" असं मी वाचलंय, मग यात वाईट काय? आणि बाय, सी यू, टेक केअर, गुड नाइट यांतलं कधी काय म्हणायचं?

मी फोंड्याला गेली २१ वर्षं बोली इंग्रजीचे वर्ग घेते. येणारी मुलं बहुतेक मराठी शाळेत शिकलेली, घराबाहेर पडली की कोंकणीत बोलणारी, आणि हॉटेलात, क्रूझवर नाहीतर नर्सिंगला निघालेली. त्यामुळे हा शब्द मी पुस्तकापेक्षा काउंटरवर जास्त ऐकलाय.

आधी निकाल सांगून टाकते. तुमचं व्याकरण चुकलं नाही, उच्चार चुकला नाही, उद्धटपणा तर मुळीच झाला नाही. चुकलं असेल तर वजन. सीनियरचं म्हणणं निम्मं खरं आहे. "म्हणायचं नसतं" असा काही नियम नाही, पण पुन्हा यावं असं ज्याला वाटायला हवं त्या माणसाला तो शब्द नुसता, एकटा दिला की जड पडतो.

हे वजन तुम्हाला कळत नाही असं समजू नका. तिसऱ्या वर्षापासून कळतं. घरातून निघताना "जाते" म्हटलं की आजी काय म्हणायची ते आठवा: "जाते काय गो? येते म्हण." पाय बाहेर पडतोय आणि तोंडात "येते". कोंकणीतही तेच, "बरें तर, येतां." आपल्या कानाला यात काही विचित्र वाटत नाही, पण इंग्रजीत उतरवलं की घोटाळा होतो. माझा एक विद्यार्थी पहिल्याच दिवशी ड्यूटी संपल्यावर मॅनेजरला "ओके सर, आय ॲम कमिंग" म्हणाला आणि सरळ बस पकडून घरी गेला. मॅनेजर बाहेरचा. तो अर्धा तास वाट बघत बसला, मग पोराला फोन लावला. पोरगा तोवर म्हापसा ओलांडून पुढे.

आपल्याकडे शेवट तोंडानं उच्चारायचा नसतो. दिवा विझवत नाही, शांत करतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी ती "वाढवली" असते. "येतो" हा त्याच घरातला शब्द. चवथीला तर आपण देवालाही यातून सोडत नाही. उत्तरपूजेत भटजी "पुनरागमनाय च" म्हणतात, म्हणजे जा ते परत येण्यासाठी, आणि पाण्यापाशी पोचल्यावर तेच आपण मराठीत ओरडून सांगतो, पुढच्या वर्षी लवकर या. दीड दिवसाच्या पाहुण्याला निघतानाच पुढच्या वर्षीचं आमंत्रण.

आता तुम्ही वाचलेल्या अर्थाकडे येऊ. तो थोडा दुरुस्त करायला हवा. गुडबायमधलं "गुड" म्हणजे भलं नव्हे. ते मागाहून घुसलंय. मूळ वाक्य होतं "गॉड बी विथ यी", देव तुमच्यासोबत असो. "यी" हे जुन्या इंग्रजीतलं "तुम्ही", अनेकांसाठी आणि आदरानं एकासाठीही. वर्गात हमखास कोणीतरी विचारतं, "बी" का, "गॉड इज" का नाही? त्याचं उत्तर मराठीत तयार आहे. "देव सोबत आहे" ही माहिती झाली, "देव सोबत असो" ही इच्छा. "इज" म्हणजे आहे, हा "बी" म्हणजे असो. एवढं सांगितलं की पोरं मान डोलावतात. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातलं अख्खं पान वाचून डोलावत नाहीत.

रोज दहादा बोललं जाणारं वाक्य झिजतंच. "कुठे गेला होतास"चं "खुटं गेल्तास" व्हायला आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्रजांचंही असंच चाललं होतं आणि लिहिणारा ऐकू येईल तसं लिहीत होता. केंब्रिजचा विद्वान गॅब्रिएल हार्वी यानं १५७० च्या दशकातल्या एका पत्रात हा शब्द "गॉडब्वाय" असा काहीसा लिहिलाय, तोही थट्टेत: तू गॅलनभर गॉडब्वाय दिलेस, त्या बदल्यात मी अर्धा गॅलन हाउडी, म्हणजे "कसा आहेस", परत करतो. म्हणजे तेव्हाच त्यातला देव मापानं मोजण्याइतका स्वस्त झाला होता. शेक्सपिअरच्या नाटकांतली पात्रंही निघताना याच वाक्याची अर्धवट झिजलेली रूपं बोलतात. पुढे गुड डे, गुड नाइट यांच्या पंक्तीला बसता बसता "गॉड"च्या जागी "गुड" आलं आणि तेच राहिलं. आज आपण नुसतं "बाय" म्हणतो तेव्हा त्या वाक्यातलं शेपूट तेवढं हातात असतं. देवही गेला, गुडही गेलं, उरलं "सोबत असो"चं चिपाड.

"देव भलं करो" हा अर्थ तुम्ही कुठून घेतलात याचा मला अंदाज आहे. ते आपलं "देव बरें करूं". शब्दशः तसंच, पण गोव्यात त्याचा उपयोग आभार मानायला होतो, निरोपाला नाही. कदंबच्या बसमध्ये सुटे पैसे परत घेताना "देव बरें करूं" म्हणणाऱ्याच्या मनात कंडक्टरच्या परलोकाची काळजी नसते. शब्दाचं मूळ एक आणि चलन दुसरं. मूळ कितीही गोड असलं तरी समोरच्याच्या कानावर चलनच पडतं. आपला "रामराम" घ्या. भेटताना रामराम, निघताना रामराम, पण "त्यानं नोकरीला रामराम ठोकला" म्हटलं की माणूस परत यायचा नाही हे पक्कं. इंग्रजीतही असंच झालंय. "से गुडबाय टु युअर डिपॉझिट" म्हणजे डिपॉझिटाची आशा सोडा. दोन्हीकडे देवाचं नाव घेऊन सुरू झालेला शब्द कायमचं सोडण्यापर्यंत पोचला.

गोव्यातल्या माणसाला याचं आणखी एक उदाहरण शेजारच्या घरात मिळतं. पोर्तुगीज "आदेउश", कोंकणीत आलेला "आदेवस". फ्रेंच आदियू, स्पॅनिश आदिओस हे त्याचेच भाऊ. सगळ्यांचा अर्थ "देवाकडे", म्हणजे तुला देवाच्या हवाली करतो. तोर्क्वात द फिगेरेद यांचा "आदेउस करचो वेळु पावलो" हा मांडो, म्हणजे गोव्याचं कोंकणी गाणं, तुम्ही लग्नात नाहीतर एखाद्या कार्यक्रमात ऐकला असेलच. निरोपाची वेळ आली, असं त्याच्या पहिल्याच ओळीत आहे. ऐकताना गळा दाटतो, कारण आदेवस हा दाटल्या गळ्याचाच शब्द. रोज सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पाव देऊन जाणाऱ्या पोदेराला कोणी आदेवस म्हणत नाही. रोजच्यासाठी पोर्तुगीजात "आतॅ लॉगु" आहे, म्हणजे थोड्या वेळानं भेटेपर्यंत. हीच वाटणी रशियनमध्ये आणखी स्पष्ट दिसते. मोरजी-हरमलला रशियन पाहुण्यांत काम केलेल्या मुलांना "दा स्विदानिया" पाठ असतं. ते "भेटेपर्यंत". कायमचं तुटताना रशियन माणूस वेगळा शब्द वापरतो, "प्रश्चाय", आणि त्याचं मूळ क्षमा मागण्यात आहे. आपणही कायमचं निघताना "चुकलंमाकलं असेल तर" म्हणतोच की.

इंग्रजीत अशी स्वच्छ वाटणी नाही, गोंधळ तिथून सुरू होतो. गुडबाय हा एकच शब्द फोनवर रोज चालतो आणि स्मशानातही चालतो. बँकेतून फोन आला, काम झालं, "थँक यू, गुडबाय" म्हणून ठेवला, यात कसलंच दुःख नाही. तोच शब्द समोरासमोर, दोन्ही अक्षरांवर जोर देऊन, आवाज खाली पाडत म्हटला की दार लावल्यासारखं वाटतं. भांडणाच्या शेवटी आपण हात जोडून "बरं, नमस्कार!" म्हणतो ना, तसं. "गुड" हलकं आणि "बाय" किंचित वर उचललेलं म्हटलं की तोच शब्द उबदार होतो. आपल्या मुलांचं नेमकं इथेच बिनसतं. शाळेत तास संपल्यावर एका सुरात "गुड-बाय-बा-ई" असं चार ठोक्यांत म्हणायची सवय लागलेली असते, तोच ठोका काउंटरवर येतो.

पण खरं सांगू का, तुमच्या प्रसंगात मला सूर किंवा शब्द यांपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. तुम्ही लिहिलंय: बिल दिलं, चावी घेतली, गुडबाय म्हटलं. मध्ये काहीच नाही?

निरोप हा शेवटच्या शब्दात नसतो, त्याच्या आधी सुरू होतो. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी १९७३ साली टेलिफोनवरची संभाषणं घेऊन हेच दाखवलं की माणसं एकदम "गुडबाय" म्हणून थांबत नाहीत. आधी "वेल", "ओके", "सो" असा एखादा शब्द हळूच टाकतात. त्याचा अर्थ, माझं सांगून झालं, तुझं काही राहिलंय का? समोरच्यानंही "ओके" म्हटलं की मगच बाय-बाय. हे वाचलं तेव्हा मला आमच्या ओसरीचीच आठवण झाली. "चला." कोणी उठत नाही. "बरंय तर मग." आता उठतात. उंबऱ्यावर "अगो, सांगायचं राहिलंच" म्हणून नवा विषय निघतो आणि पंधरा मिनिटं तिथेच. मग "येतो हं", "या", "पोचल्यावर फोन करा". आपला निरोप हा असा पायरी-पायरीनं उतरतो. इंग्रजांच्या पायऱ्या कमी, पण त्यांनाही जिना लागतोच. बिलावरून थेट गुडबायवर गेलात तर वरून ढकलल्यासारखं होतं.

म्हणून काउंटरवर मधली पायरी घाला. गोव्यात ती आयती मिळते. फ्लाइट दाबोळीहून की मोपाहून, हे विचारा. २०२३ च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडायला लागली तेव्हापासून हा प्रश्न नुसता सौजन्याचा राहिलेला नाही. कळंगुटहून एक विमानतळ उत्तरेला, दुसरा दक्षिणेला, आणि चुकीच्या दिशेनं निघालेला पाहुणा मी स्वतः पाहिलाय. "इज इट दाबोळी ऑर मोपा, सर?" एवढं विचारलंत, टॅक्सीवाल्याला तसं सांगितलंत, की पाहुण्याला पोचायच्या आत कळतं, या मुलीला माझं विमान चुकू नये असं वाटतंय. त्यानंतर "हॅव अ सेफ फ्लाइट, वी होप टु सी यू अगेन" म्हणा. ते "अगेन" म्हणजे तुमच्या आजीचं "येते म्हण". सीनियरला तेच म्हणायचं असावं, सांगता आलं नाही एवढंच. आणि एवढं झाल्यावर शेवटी "गुडबाय सर" आलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. वयस्क इंग्रज माणसं स्वतःच सर्रास गुडबाय म्हणतात. त्या जोडप्याला तुमच्या शब्दाचा राग आला असेल असं मला मुळीच वाटत नाही.

"नाइस टु मीट यू" मात्र निघताना म्हणू नका. ते पहिल्या भेटीच्या सुरुवातीचं. निघताना "इट वॉज नाइस मीटिंग यू". मुलं इथे फार अडकतात.

बाकीचे शब्द आता भराभर घेते.

"बाय" बरोबरीच्यांत, रोजच्या माणसांत. शिफ्ट संपल्यावर सहकाऱ्याला बाय. जनरल मॅनेजरला नुसतं "बाय" म्हणू नका, "गुड नाइट सर" नाहीतर "सी यू टुमॉरो, सर" म्हणा. "बाय-बाय" मुलांना आणि जवळच्यांना. इंग्रजीत पूर्वी आया बाळाला झोपवताना "बाय-बाय" म्हणत, त्यामुळे त्याला अजून पाळण्याचा वास आहे. फोनवर मात्र मोठी माणसंसुद्धा "बाय, बाय, बाय" करत ठेवतात, इकडेही आणि तिकडेही. "टाटा"चं तसंच. तो इंग्रजांच्या घरातला बाळबोलीचा शब्द आहे, जमशेटजी टाटांशी त्याचा काही संबंध नाही. आपण तो "टाटा कर बघू काकांना" म्हणून इतका आपलासा केलाय की मराठीच वाटतो. पाहुण्यांच्या लहान मुलाला खुशाल टाटा करा, त्याच्या बापाला नको. आणि कोंकणीतली "बाय" वेगळी, ती मुलीला मारायची मायेची हाक. बागा बीचवर नारळपाणी विकणाऱ्या एका म्हातारीला एक परदेशी मुलगी जाताना "बाय!" म्हणाली. म्हातारी खूश होऊन म्हणाली, "काय गो बाय?" दोघी हसल्या. कोण कशाला हसलं ते देव जाणे.

क्रिकेटमधला "बाय" किंवा स्पर्धेत टीमला मिळणारा "बाय" हा तिसराच. तो "बाजूचा" या अर्थाच्या "बाय"वरून आलाय, निरोपाशी त्याचं नातं नाही. विकत घेण्याचा "बाय" चौथा. उच्चार सगळ्यांचा एकच, स्पेलिंग या चौथ्याचं तेवढं वेगळं, म्हणून व्हॉट्सॲपवर निरोप देताना माणसं चुकून "चांगली खरेदी" असं लिहून बसतात.

"सी यू", "सी यू लेटर" यांत भेटीची वेळ ठरवलेली नसते. पाहुणा "सी यू लेटर" म्हणाला म्हणून "व्हॉट टाइम, सर?" विचारू नका. माझ्या वर्गातल्या एकानं विचारलं होतं.

"टेक केअर" म्हणजे आपलं "सांभाळून". दोन-तीनदा बोलणं झालेल्या पाहुण्याला चालतं, पहिल्यांदाच समोर आलेल्याला थोडं सलगीचं वाटतं. "टेक केअर ऑफ यू" असं काही नसतं.

आता गुड नाइट. हा निघतानाचाच शब्द, भेटतानाचा कधीच नाही, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. हे मी फार महागात शिकलेय. कॉलेजात असताना सुट्टीत पणजीच्या एका हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये दारावर उभी राहायचं काम मिळालं. संध्याकाळचे आठ वाजलेले. एक जोडपं सजूनधजून आलं. मी दार उघडलं, मान लववली आणि शाळेत शिकवलेलं सगळं इंग्रजी पणाला लावून म्हटलं, "गुड नाइट सर, गुड नाइट मॅडम." त्या गृहस्थानं घड्याळाकडे पाहिलं, आत डोकावलं, म्हणाला, "ओह, यू आर क्लोजिंग?" आणि मी तोंड उघडायच्या आत दोघं वळून चालायला लागली. माझ्या हातात दार तसंच उघडं. कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, धावत गेला, पण तोवर ती रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात शिरली होती. त्या रात्री कॅप्टन माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दिवस मावळल्यावर येणाऱ्याला "गुड ईव्हनिंग", मग तो कितीही उशिरा येवो. "गुड नाइट" म्हणजे आता आपण आज पुन्हा भेटत नाही.

"फेअरवेल" बोलायचा शब्द नाही, छापायचा आहे. पण त्यात एक गंमत दडलीय. त्यातला "फेअर" म्हणजे प्रवास करणे, आणि बसचं भाडं म्हणतो तो "फेअर" त्याच मुळाचा. सुखानं प्रवास कर, वाट चांगली मिळो. संस्कृतात "शिवास्ते पन्थानः सन्तु" म्हणतात तेच. शाळेच्या निरोप समारंभाच्या फलकावर तो शोभतो, काउंटरवर म्हटलात तर नाटकात काम केल्यासारखं वाटेल. "सो लाँग", "चीरिओ" ऐकलेत तर ओळखा, वापरू नका.

एका शब्दाकडे मात्र लक्ष द्या, कारण तो तुम्हाला ऑफिसात रोज लागणार आहे: "लीव्ह". "टु टेक लीव्ह ऑफ समवन" म्हणजे निरोप घेणे. यातला "लीव्ह" म्हणजे निघून जाणे नव्हे, परवानगी. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आज एकसारखे दिसतात. परवानगीवाला "लीव्ह" पुढे सुट्टी झाला, सिक लीव्ह, कॅज्युअल लीव्ह. आता आपली "रजा" बघा. मूळ अरबी, अर्थ संमती. "आता आपली रजा घेतो" म्हणजे निरोप आणि "उद्या रजेवर आहे" म्हणजे सुट्टी. इतकंच काय, "निरोप" हाही जुन्या मराठीत आज्ञा, परवानगी असाच वापरलेला सापडतो. शिष्य गुरूचा निरोप घेऊन निघतो म्हणजे गुरूनं जायला सांगितल्यावर निघतो. उठून जायला यजमानाची मुभा लागते, हे इंग्रज, अरब आणि आपण तिघांनीही आपापल्या परीनं मानलं. म्हणूनच पाहुणा "निघू का?" विचारतो आणि आपण लगेच "हो" म्हणत नाही.

व्याकरणाचं थोडंसं. गुडबाय "म्हणतात", "देत" नाहीत: "आय सेड गुडबाय टु हर". त्यातला "टु" गाळू नका. "आय गुडबाइड हिम" असं क्रियापद नाही. ई-मेलच्या शेवटी गुडबाय लिहीत नाहीत. तिथे "रिगार्ड्स" नाहीतर "योर्स सिन्सिअरली". आपल्या पत्राच्या शेवटी "कळावे, लोभ असावा" असतं, "येतो" नसतं, तसंच.

नर्सिंगच्या मुलींना मी एक गोष्ट वेगळी सांगते, आणि तुमची बहीण नर्सिंगला आहे असं तुम्ही लिहिलंय म्हणून इथेही सांगते. हॉटेलात शिकवलेलं "सी यू अगेन" इस्पितळात चालत नाही. डिस्चार्ज घेऊन निघालेल्या रुग्णाला "प्लीज कम अगेन" म्हणणारी एक मुलगी माझ्याकडे होती, आधी रिसेप्शनला काम केलेली. रुग्ण हसला म्हणून निभावलं. तिथे "टेक केअर" किंवा "ऑल द बेस्ट" पुरतं. हे आपल्याला परकं नाही. इस्पितळातून भेटून निघताना आपण "येतो" म्हणायचं टाळतो आणि ज्या घरी कोणी गेलंय तिथून तर काहीच न बोलता उठतो, चपला घालतो, चालू लागतो. घरचेही दारापर्यंत येत नाहीत. जिथे परत येणं नको, तिथे परत येण्याचा शब्द नको. इंग्रजीत अशा घरी लोक "गुडबाय" म्हणतात, आणि गेलेल्या माणसाचं शेवटचं दर्शन घेण्यालाही "टु से गुडबाय" असंच म्हणतात. एखादी पाहुणी काउंटरवर येऊन म्हणाली की आईला गुडबाय म्हणायला तातडीनं निघावं लागतंय, तर "हॅव अ नाइस ट्रिप" तोंडातून जाऊ देऊ नका. आधी तिच्या चेहऱ्याकडे बघा.

काही सुचलं नाही तर एक युक्ती: पाहुण्यानं जो शब्द दिला तोच त्याला परत द्या. गुडबायला गुडबाय, सी यू ला सी यू. "हॅव अ नाइस डे" म्हणाले तर "यू टू, सर". पण हे "यू टू" तोंडात बसलं की सावरा. "यू टू" म्हणायच्या आधी पाहुणा काय म्हणालाय ते ऐका. नाहीतर आमच्या वर्गातल्या त्या मुलासारखं व्हायचं. पाहुणी म्हणाली, "आय विल मिस दिस बीच." हा म्हणाला, "यू टू, मॅडम."